बॅकवॉटरच्या गाळात रुतलेली जीप: एका रिकव्हरीचा पूर्ण हिशोब

रिकव्हरी म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढणं. हे प्रकरण बीड जिल्ह्यातलं आहे, माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरमधलं. माणसांची नावं, गावाचं नाव आणि गाडीचं मॉडेल मुद्दाम काढून टाकलंय. गाडीमालकाला इथं दादा म्हणतो, गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला आबा आणि ट्रॅक्टरवाल्याला पुतण्या, कारण तो आबांचा पुतण्याच होता. मी दुसऱ्या गाडीत होतो, त्यामुळं बहुतेक सगळं डोळ्यासमोर झालेलं आहे.

लिहायचं कारण सरळ आहे. आपल्याकडं गाडी रुतली की पहिला प्रश्न असतो "ओढायला काय मिळंल?" आणि माझं म्हणणं असं आहे की तो प्रश्न तिसरा-चौथा असायला पाहिजे. आधी विचारायचं, गाडीला अडवलंय कशानं आणि ते कमी कसं करता येईल.

पार्श्वभूमी

फेब्रुवारीचा महिना. माजलगावचं धरण सिंदफणा नदीवर आहे, आणि पैठणचा उजवा कालवा येऊन ह्याच धरणात पडतो. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू मागं सरकतं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, हरभरा, ज्वारी, टरबूज, काकडी, जे जमंल ते. पाण्याच्या कडेची जमीन वरून भेगाळलेली दिसते, पापुद्रा एकदम कडक, चाललं तर बुटाला धूळ लागते, आणि चार-सहा इंच खाली काळा काला असतो. आपली काळी माती बेसाल्टची झीज होऊन तयार झालीय, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते जी पाणी पिऊन फुगते आणि ते सोडायला फार वेळ घेते, म्हणून वरचा थर वाळला म्हणजे खालचा वाळला असं ह्या मातीत होतच नाही. धरणात तर त्या मातीवर वाहून आलेला बारीक गाळ बसलेला असतो, म्हणजे शेतापेक्षाही वाईट.

गाड्या दोन. दादाची फोर बाय फोर जीप, माणसं-सामानासकट दोन टनांच्या आसपास. दुसरी आमची टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, ती मुरमाच्या कडक पट्ट्यावरच उभी होती. सामान म्हणाल तर एक ९ मीटरची कायनेटिक रोप (ताणून झटका देणारा लवचिक दोर), दोन शॅकल (पिन लावून बंद करायच्या लोखंडी कड्या), एक फावडं, हवा काढायचा डिफ्लेटर आणि बारका कंप्रेसर. चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन प्लेटा नव्हत्या.

गाडी कशी बसली

दुपारी साडेचारच्या सुमारास दादानं गाडी पाण्याच्या दिशेनं घेतली. समोर ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोऱ्या दिसत होत्या, त्यामुळं जमीन टणक असणार असा अंदाज केला. पण त्या चाकोऱ्या एका ठिकाणी वळून परत गेल्या होत्या आणि गाडी सरळ पुढं गेली. ट्रॅक्टरवाल्यानं तिथून वळवला तर का वळवला, हे उतरून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला वाटतं.

मुरमापासून साधारण दीडशे मीटरवर पुढची चाकं पापुद्रा फोडून खाली गेली, दादानं ॲक्सिलरेटर दिला, गाडी हातभर सरकली आणि मागची चाकं पण गेली. मग रिव्हर्स, मग पुढं, मग परत रिव्हर्स, स्टेअरिंग इकडून तिकडं. पाचेक मिनिटात गाडी पोटावर बसली, म्हणजे चेसिस (खालचा सांगाडा) जमिनीला टेकली, डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मातीत गेलं आणि सायलेन्सरचं तोंड चिखलानं भरलं.

इथला पहिला निर्णय त्या पाच मिनिटांचा होता. चाक फिरतंय आणि गाडी सरकत नाही म्हणजे तुम्ही स्वतः खड्डा खणताय. पहिल्याच क्षणाला थांबलं असतं, टायरची हवा काढली असती आणि आलेल्या चाकोरीनंच हळू मागं घेतली असती तर बहुतेक बाहेर आली असती, कारण तेव्हा पोट टेकलेलं नव्हतं. चाक रुतणं आणि पोट टेकणं ह्यात फार मोठा फरक आहे, पोट टेकलं की गाडीचं वजन चाकावर राहत नाही, मग फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) असू दे नाहीतर डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) असू दे, टायरला पकडायला काही उरत नाही.

समोर असलेले पर्याय

आबा शेजारच्या टरबुजाच्या वाफ्यातून चालत आले. पहिलं वाक्य असं की, "बाप्पा, वरून वाळलंय, खाली अजून काला हाय, पाणी सरकून पंधरा दिस बी झाले नाहीत." मग त्यांनी हातातली काठी जमिनीत दाबली आणि ती कोपरापर्यंत आत गेली.

पाच गोष्टी बोलण्यात आल्या. आमची एसयूव्ही आणून कायनेटिक रोपनं झटका द्यायचा, हे लगेच बाद झालं, ९ मीटरच्या रोपसाठी ती गाडी पण गाळात उतरवावी लागली असती आणि एकाच्या दोन गाड्या बसल्या असत्या. जेसीबी बोलवायचा, तर सात-आठ टनाचं मशीन त्या गाळावर आणणं म्हणजे आणखी मोठी रिकव्हरी, आणि मुरमावरून ओढायचं तर दीडशे मीटर वायररोप लागला असता. तिसरं म्हणजे सगळ्यांनी मिळून ढकलायचं, जे पोटावर बसलेल्या गाडीला लागू पडत नाही. चौथं ट्रॅक्टर. पाचवं म्हणजे गाडी रात्रभर तिथंच ठेवायची आणि सकाळी उजेडात काम करायचं, जे तेव्हा कुणालाच पटत नव्हतं.

पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आलासुद्धा, पन्नास एचपीचा, मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं. ऊसाच्या हंगामात हा माणूस भरलेल्या ट्रॉल्या ओल्या फडातून बाहेर काढतो, त्याच्या हाताबद्दल शंका नव्हती. तो म्हणला, "दोन-दोन ट्राल्या काढतो आमी, ही तर हलकी हाय, चेन लावा." आणि चेन घेऊन तो थेट जीपच्या मागच्या टो-बॉलकडं गेला.

टो-बॉलचा प्रश्न

ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मी हाच मानतो, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

आपल्याकडं अर्ध्या गाड्यांच्या मागं तो लोखंडी गोळा असतो. बंपरला कुणी धडकू नये म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानातून लावून घेतात, ट्रॉली कुणी ओढत नाही. तो गोळा कशाला बोल्ट केलाय, बोल्ट कसल्या दर्जाचे आहेत, काही माहीत नसतं. आणि अगदी कंपनीचा चांगला टो-बॉल असला तरी तो समान वेगानं चालणारी ट्रॉली ओढायला बनवलेला आहे, रुतलेल्या गाडीचा ताण सोसायला नाही. ताण वाढला की तो मानेतून तुटतो, आणि रोपमध्ये साठलेली सगळी ताकद त्या किलो-दीड किलोच्या गोळ्याला मिळते. ऑस्ट्रेलियात अशा तुटलेल्या टो-बॉलनी माणसं मेलेली आहेत, गोळा काच फोडून थेट आतल्या माणसाला लागतो. कायनेटिक रोप असेल तर धोका आणखी वाढतो कारण ती तीस टक्क्यांपर्यंत ताणते, म्हणजे ९ मीटरची रोप अडीच-पावणेतीन मीटर जास्त लांबते आणि तेवढी सगळी ताकद साठवून बसते. चेन ताणत नाही पण झटका सहन करत नाही, एक कडी कच्ची निघाली की संपलं.

दादाला हे माहीत होतं. पण अंधार पडायला आला होता, काठावर पंचवीस-तीस लोक जमले होते, पोरं मोबाईल काढून उभी होती, आणि पुतण्या चांगल्या मनानं मदत करायला आला होता, त्याला नाही म्हणणं जड जात होतं. "एकदा ट्राय करून बघू" असं दादाच्या तोंडून निघालंच. आमच्यातला एकजण, जो गाडीचं काम करतो, त्यानं शांतपणे पुतण्याला विचारलं की ट्रॉलीची चेन तू कुठं लावतो, चेसिसच्या हुकाला का फाळक्याला (ट्रॉलीच्या मागच्या फळीला)? तो म्हणला चेसिसला, फाळका उपटून येईल की. त्यावर आमचा माणूस म्हणला, मग हा गोळा जीपचा फाळका समज, ह्याला चेन लावली तर हा उपटून तुझ्या पाठीत येईल. पुतण्यानं चेन खाली ठेवली. वाद न घालता त्याच्याच कामातलं उदाहरण देऊन सांगितलं म्हणून पटलं.

ताकदीचा हिशोब

मग बसून गणित केलं. रिकव्हरीत साधारण असा अंदाज धरतात की चाकाइतकी रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतकी ताकद लागते आणि मडगार्डपर्यंत गेलेली असेल तर दुप्पट. आपली दोन टनाची, पोट टेकलेली, म्हणजे दोन आणि चार टनाच्या मध्ये कुठंतरी. ट्रॅक्टरचं वजन पाण्यासकट अडीच टन धरलं तरी शेतातल्या मातीवर तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढतो, म्हणजे सव्वा टन, दीड टन फार झालं. गणित जमतच नव्हतं. त्या संध्याकाळी ओढलं असतं तर एकतर ट्रॅक्टरची चाकं खणत खाली गेली असती, नाहीतर तो पुढून उचलला असता.

ट्रॅक्टर उलाळणं हा धोका गावात सगळ्यांना ऐकून माहीत असतो पण वेळेचा अंदाज कुणाला नसतो. मागं अडकलेलं सरकत नाही आणि दोर वरच्या बाजूला, टॉपलिंकजवळ (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याजवळ) बांधलेला आहे, अशा वेळी पुढची चाकं उचलल्यापासून परतीची वेळ निघून जायला पाऊण सेकंदसुद्धा पुरतं, क्लचवर पाय जाईपर्यंत ट्रॅक्टर ड्रायव्हरवर आलेला असतो. म्हणून दोर कायम ट्रॉली जोडायच्या खालच्या हुकाला, मागच्या ॲक्सलच्या खाली.

मग ठरलं की ताकद वाढवायची नाही, अडवणारं कमी करायचं. आणि ते अंधारात होणार नव्हतं.

रात्री गाडी सोडायची का?

भीती पाण्याची होती. कालव्याचं पाणी धरणात येतंय का नाही हे कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. एका रात्रीत धरणाची पातळी फार चढत नाही हे खरं, पण तिथली जमीन ताटासारखी सपाट, शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तर पाणी दहा सेंटीमीटर चढलं की काठ दहा मीटर पुढं येतो. गाडी पाण्यापासून पन्नासेक मीटर लांब होती.

आबांनी मार्ग काढला. पाण्याच्या कडेला एक खुंटी रोवली, तिच्यापासून गाडीकडं दहा-दहा पावलांवर आणखी दोन. रात्री दहाला आणि पहाटे ते स्वतः बॅटरी घेऊन बघणार आणि दुसरी खुंटी भिजली तर फोन करणार. आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, किमती सामान काढलं, काचा बंद केल्या आणि आबांच्याच गावात मुक्काम केला. आबांच्या घरी भाकरी आणि पिठलं झालं.

हा निर्णय घ्यायला दीड तास गेला. माझ्या मते तो पहिल्या पंधरा मिनिटात व्हायला पाहिजे होता. माणूस जखमी नाही, पाणी चढत नाही, थंडी मारक नाही, मग घाई कशाची होती? बघ्यांची.

सकाळचं काम

खुंट्या कोरड्या होत्या. सातला सुरुवात झाली. दोघंजण माजलगावला जाऊन एका क्रेनवाल्याकडून पिवळे पॉलिस्टरचे बेल्ट भाड्यानं घेऊन आले, आठ-आठ मीटरचे तीन. लिफ्टिंग बेल्टमध्ये पिवळा रंग म्हणजे ३ टनाचा, शिवाय लेबलवर लिहिलेलं असतं, आणि लेबल फाटलेला बेल्ट घ्यायचाच नाही.

बाकीच्यांनी खोदकाम धरलं. खरं काम हेच होतं, जवळपास तीन तास गेले. काळा गाळ फावड्याला असा चिकटतो की दर खोऱ्याला निम्मी माती परत येते, त्यावर उपाय म्हणून आबांनी बादलीभर पाणी जवळ ठेवलं आणि फावडं बुचकळून काढायला लावलं, लगेच फरक पडला. आधी प्रत्येक चाकाच्या मागं उतार काढला, उभी भिंत ठेवली नाही. मग चाकाच्या दोन्ही बाजूंची माती मोकळी केली, कारण गाळ टायरला धरून ठेवतो आणि हवा आत गेल्याशिवाय ती पकड सुटत नाही. मग डिफ आणि चेसिसखालचं, लांब दांड्याच्या खोऱ्यानं, बाहेर बसून. गाडीखाली कुणीही झोपायचं नाही हे पक्कं होतं, जॅक लावलेला असला तरी नाही. जॅकखाली जाड फळी घातली होती, तरी फळी कलली तेव्हा दोनदा काढून परत बसवावा लागला. सायलेन्सरचं तोंड साफ केल्याशिवाय इंजिन चालू केलं नाही.

टायरची हवा ३२ वरून १५ पीएसआयवर आणली. टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि जमिनीवर दाब कमी पडतो. फक्त त्यानंतर स्टेअरिंग जोरात वळवायचं नाही, टायर रिममधून सुटू शकतो.

चाकाखाली काय घालायचं ह्यावर चर्चा झाली. बाभळीच्या फांद्या जवळ होत्या, पण काटे आणि १५ पीएसआयचा टायर हे जमणारं नव्हतं. आबांच्या बांधावर तुराट्या रचलेल्या होत्या. त्यांची कापलेली टोकं टोकदार असतात, टायरच्या बाजूच्या नरम भागात घुसू शकतात, म्हणून पेंड्या आडव्या टाकल्या, टोकं बाहेर ठेवली आणि वरून ओली पोती अंथरली. मागं आठ-नऊ मीटरचा पट्टा झाला.

दिशा मागचीच. गाडी जिथून आली ती जमीन गाडीचं वजन पेलते हे सिद्ध झालेलं असतं, पुढची जमीन कुणालाच माहीत नसते.

ओढणं

ट्रॅक्टर आबांच्या वाफ्याच्या कडेला, टणक जागी, जीपच्या सरळ रेषेत मागं उभा केला. बेल्ट जीपच्या चेसिसला बोल्ट असलेल्या मागच्या हुकाला शॅकलनं जोडला. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं घेतली, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते. बेल्टला बेल्ट जोडताना मध्ये शॅकल घातला नाही, तुटलं तर उडणारं लोखंड मध्ये नको. फासातून फास ओवला आणि गाठ जाम होऊ नये म्हणून रद्दी पेपरची घट्ट गुंडाळी मध्ये ठेवली. जोडाला बेल्टची ताकद थोडी घटते, पण आता दीड टनाच्या आतलाच ताण येणार होता. तुटलं तर बेल्ट उडू नये म्हणून त्याच्यावर दोन जागी ओल्या वाकळी टाकल्या. पॉलिस्टर फारसं ताणत नाही म्हणून धोका कमी, तरीही टाकल्या.

लोक लांब करायचं काम आबांनी केलं. दोर २४ मीटर, त्याच्या दीडपट म्हणजे ३६ मीटर, एवढ्या अंतरावर त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि रेघेच्या आत फक्त दोन ड्रायव्हर. इशारा देणारा एकच, बाजूला, दोन्ही ड्रायव्हरना दिसेल असा. त्याचा हात खाली म्हणजे सगळं बंद, आणि "थांबा" मात्र कुणीही ओरडू शकतो.

पुतण्यानं लो गिअरमध्ये आधी बेल्टची ढील घेतली, थांबला, इशारा मिळाल्यावर हळू दाब दिला. झटका नाही. जीप फोर-लो रिव्हर्समध्ये, हलका ॲक्सिलरेटर. गाडी वीतभर हलली आणि ट्रॅक्टरची चाकं घसरायला लागली. हात खाली. सगळ्यांना वाटत होतं अजून थोडा रेस दिला की येतीय, पण बघितलं तर मागच्या डाव्या चाकामागं उतार पुरेसा नव्हता, चाक कडेला अडलं होतं. परत वीस मिनिटं खोदलं, दोन पेंड्या वाढवल्या. पुढच्या ओढीला गाडी कसलाही आवाज न करता वर आली आणि तुराट्यांवरून सरकत मागं गेली. इथं एक काळजी घ्यावी लागते, गाडी सुटली की ती ट्रॅक्टरपेक्षा वेगानं येऊ शकते आणि बेल्ट चाकाखाली येतो, म्हणून दादानं सुटल्याबरोबर ॲक्सिलरेटर सोडला आणि ट्रॅक्टरच्या चालीनं टणक जागेपर्यंत आला.

नंतर

मुरमावर आल्यावर टायर परत ३२ वर, चाकाच्या आतला चिखल काढला कारण तो वाळला की चाक थरथरतं, रेडिएटरची जाळी धुतली, ब्रेक दोन-चारदा हळू दाबून बघितले. डिफ चिखलात होतं म्हणून दुसऱ्या दिवशी ऑईल बघितलं, पाणी गेलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, झालेलं नव्हतं.

खड्डे बुजवले. आबांच्या टरबुजाच्या दोन ओळी ट्रॅक्टरखाली गेल्या होत्या, त्याची भरपाई, तुराट्यांचे पैसे आणि पुतण्याचं डिझेल-भाडं दिलं. आबा वेलांचे पैसे घ्यायला तयार नव्हते, तरी दिले, गाळपेर एका हंगामापुरती असते, त्यांचं ते वर्षाचं पीक होतं.

काय वेगळं करता आलं असतं

बॅकवॉटरच्या कडेला गाडी न्यायचीच नाही, हा माझा स्वतःचा निष्कर्ष आहे, आमच्यातल्या सगळ्यांना तो मान्य नाही. जायचंच असेल तर आधी चालत, हातात काठी, आणि काठी वीतभर आत गेली तर परत. गाळपेर करणारा माणूस जवळ दिसत असेल तर त्याला विचारायचं, ह्या प्रकरणात आबा दोनशे मीटरवर होते.

कायनेटिक रोपबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. काहींचं म्हणणं की तिनं पहिल्याच संध्याकाळी काम झालं असतं. मला ते पटत नाही. ती रोप गाडीला गाडीनं काढायला, टणक जमिनीवर धाव घ्यायला जागा असेल तेव्हा चांगली. पोट टेकलेल्या गाडीला झटका म्हणजे हुकावर झटका.

विंचचा (गाडीला बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या मोटरचा) विषय पण निघाला. विंच बांधायला झाड पाहिजे, तिथं नजरेच्या टप्प्यात झाड नव्हतं. स्टेपनी खोल पुरून तिला विंचचा दोर बांधता येतो, पण तेवढ्या खोदकामात गाडीच मोकळी होते. शिवाय विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात आतल्या थराला मिळते, दोर जेवढा गुंडाळलेला राहील तेवढी ती कमी. दादानं विंचचं कोटेशन मागवलं होतं, ते बाजूला ठेवलं आणि आधी चार ट्रॅक्शन प्लेटा, २० मीटरचा न ताणणारा बेल्ट, दोन लांब दांड्याची खोरी आणि चेसिसला मागं दुसरा हुक असं घेतलं. टो-बॉल त्याच आठवड्यात काढून टाकला.